सावकार, चेअरमन आणि वाडा : निळू फुले यांच्या खलभूमिका व बारामती-इंदापूरचा ऊसपट्टा

प्रास्ताविक

मराठी ग्रामीण चित्रपटातील खलनायकाचा इतिहास अभिनेत्यांच्या नामावळीने पूर्ण होत नाही. गावात सत्ता कोणाच्या हाती होती आणि ती कोणत्या मार्गाने चालत असे, हे खलनायकाच्या वेशावरून, बोलण्याच्या ढंगावरून आणि त्याच्या दारात कोण ताटकळत उभे आहे यावरून कळते. १९६८ पासून पुढे सुमारे चार दशके निळू फुले यांनी हा खलनायक ज्या रीतीने उभा केला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या पार्श्वभूमीवर केला आहे. फुले या तालुक्यांचे नव्हेत; ते पुण्याचे. त्यांच्या भूमिका येथील कोणा व्यक्तीवर बेतलेल्या आहेत, असेही सुचवावयाचे नाही. परंतु सावकाराकडून सहकारी कारखान्याच्या अध्यक्षाकडे झालेला सत्तेचा प्रवास ज्या थोड्या प्रदेशांत टप्प्याटप्प्याने तपासता येतो, त्यांत हे दोन तालुके अग्रभागी आहेत.

सुपे ते भवानीनगर

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. दख्खनचे दंगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावाची झळ इंदापूर तालुक्यालाही लागली. उठावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. रोखे, गहाणखते, हिशेबाच्या वह्या हस्तगत करून जाळणे हे त्याचे मुख्य स्वरूप होय. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. ज्याच्या वहीत नाव चढले त्याच्या हाती शिवार गेले, हा अनुभव मात्र लोकमनातून पुसला गेला नाही. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि १९३६ मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा तयार झाला. मराठी पडद्यावरील ग्रामीण खलनायकाची पहिली ठसठशीत प्रतिमा ही वहीवाल्या सावकाराची होती, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

दरम्यान सत्तेचे साधन बदलू लागले होते. १८८५ मध्ये नीरा डाव्या कालव्याचे पाणी सुरू झाले आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू माळांवर ऊस उभा राहू लागला. सासवडच्या माळी समाजातील कष्टाळू शेतकरी कालव्याकाठी येऊन ऊस व गूळ करू लागले. त्यांच्यापैकी काहींनी पुढे सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा कारखाना उभारला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा खाजगी साखर कारखाना आला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाल्यावर हीच वाट इतरत्र रुळली. बारामती तालुक्यात माळेगाव, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा श्री छत्रपती आणि त्यानंतर सोमेश्वर हे कारखाने उभे राहिले. सुप्याचा परिसर जिरायतच राहिला, ही या इतिहासातील एक बोचरी बाब म्हणावी लागेल.

सहकाराने सावकाराची पकड सैल केली, सभासदाला मताचा अधिकार दिला, शाळा-महाविद्यालये काढली. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याबरोबरच एक नवे अवलंबित्व जन्माला आले. ऊस तयार झाला की तो वेळेत तुटावा लागतो. तोड लांबली तर वजन घटते, उतारा घसरतो, पुढचे पीक मागे पडते. नोंद कोणत्या तारखेची, टोळी कोणाच्या फडात आधी जायची, गाडी कोणाची लागायची, हे निर्णय कार्यालयात होतात. ज्याच्या हाती हे निर्णय आहेत त्याला चाबूक उगारण्याची गरज उरत नाही. तो हसून चहा पाजू शकतो आणि तरीही समोरच्याचे वर्ष बुडवू शकतो. १९६२ पासून आलेल्या जिल्हा परिषदांनी व पंचायत समित्यांनी या सत्तेला राजकीय जोड दिली. जुन्या सावकारी खलनायकाच्या अंगी ही सत्ता बसणारी नव्हती. तिला नवा नट हवा होता.

कलापथकातून पडद्यावर

निळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० चा. तारुण्यात त्यांनी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते रमले. १९५७ च्या निवडणुकीच्या निमित्ताने ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य त्यांनी केले. त्यांच्या अभिनयाची शाळा ही होती. वगनाट्यात समोर बसलेल्या गावाला त्याच्याच पुढाऱ्याची नक्कल करून दाखवावयाची असते आणि ती पटली नाही तर प्रेक्षक तत्काळ उठून जातो. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांचे नाव झाले. १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटात झेलेअण्णा या भूमिकेतून ते पडद्यावर आले. गावच्या भानगडीत बोट घालून त्यावर पोसणारा हा इसम पुढील खलभूमिकांचा पूर्वज शोभतो.

‘सामना’ (१९७५) मध्ये या नव्या खलनायकाला पूर्ण रूप मिळाले. दिग्दर्शक जब्बार पटेल हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. त्यांचे रुग्णालय दौंडला, म्हणजे बारामती-इंदापूरच्या सीमेवरील तालुक्यात होते. ऊसपट्ट्यातील माणूस ते रोज तपासणीच्या खोलीत पाहत होते, हे विसरता येत नाही. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची. फुले यांनी साकारलेला हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे. त्याच्या राज्यात डॉ. श्रीराम लागू यांचा दारूत बुडालेला मास्तर येऊन पडतो आणि मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, हा एकच प्रश्न विचारीत राहतो. बर्लिनच्या १९७५ च्या चित्रपट महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता.

हिंदुरावाचे वेगळेपण त्याच्या सौजन्यात आहे. तो मास्तरला हाकलून देत नाही, घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आपण उभारलेले सारे अभिमानाने दाखवितो. फुले यांचा आवाज घोगरा आणि खालच्या पट्टीतला. वाक्य संपण्यापूर्वी ते किंचित थांबत, आणि त्या थांबण्यात समोरच्याला आपली जागा कळत असे. आरडाओरडा त्यांनी जवळजवळ टाळलाच. शिवाय हिंदुरावाला आपण विकास केला असे खरोखरच वाटते आणि त्याचे ते म्हणणे सर्वस्वी खोटेही नाही. यामुळेच ही व्यक्तिरेखा सहकाराचे निव्वळ विडंबन ठरत नाही. कारखाना आणि नाहीसा झालेला माणूस ही दोन्ही एकाच कर्तृत्वाची फळे असू शकतात, हा तिचा गंभीर आशय होय. ज्या तालुक्यांत सभासद दरवर्षी तोडीच्या पाळीची वाट पाहतो, तेथील प्रेक्षकाला हे सौजन्य समजावून सांगावे लागत नाही.

कारखान्यातून पुन्हा वाड्यात

‘सामना’नंतर फुले यांच्याकडे पाटील, सरपंच, आमदार, कारखान्याचा अध्यक्ष अशा भूमिकांची रीघ लागली. ‘सहकारसम्राट’ हे त्यांच्या एका चित्रपटाचे नावच पुरेसे बोलके आहे. परंतु व्यावसायिक चित्रपटांनी हिंदुरावाचे बाह्यरूप उचलले आणि त्याचा व्यवहार सोडून दिला. तोडीची पाळी, संस्थेची निवडणूक, कर्जाची थकबाकी ही कथानकातून गळाली. उरली ती बाईवर पडलेली वाईट नजर. खलनायक लंपट झाला की प्रेक्षकाचा संताप त्याच्या चारित्र्यावर खर्च होतो, त्याच्या पदावर होत नाही. शेवटी नायकाने त्याला झोडपले की गाव सुटते, संस्था जशीच्या तशी राहते. आज नकलाकार आणि समाजमाध्यमांवरील विनोद फुले यांच्या नावावर जे बोल खपवितात, त्यांत बाईला वाड्यावर बोलाविणेच मुख्य असते. वाडा ही तोवर मागे पडलेली सत्ता होती, चालू सत्ता कारखान्याच्या कार्यालयात बसत होती. लोकस्मृतीने फुले यांचा खलनायक कार्यालयातून उचलून पुन्हा वाड्यात नेऊन ठेवला आणि त्याचा दंश काढून टाकला, असेच म्हणावे लागते.

नटाची ताकद मात्र एवढ्यावर थांबलेली नव्हती. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मधील सखाराम, जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मधील सत्तेपुढे उभे ठाकणारे गांधीवादी अप्पाजी आणि अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरील ‘सिंहासन’ (१९७९) मधील पत्रकार दिगू टिपणीस या तीन भूमिका शेजारी ठेवाव्यात. सत्तेचे डाव पाहून अखेर भ्रमिष्टासारखा हसत सुटणारा दिगू हा हिंदुरावाच्या पलीकडच्या काठावरचा माणूस आहे, आणि दोघांचा चेहरा एकच. हिंदीत ‘सारांश’ (१९८४) मध्ये त्यांनी राजकीय गुंड गजानन चित्रे रंगविला. १९९१ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

खलभूमिकांची किंमत फुले यांनी व्यक्तिशःही मोजली. स्त्री-प्रेक्षक त्यांच्या नावाने बोटे मोडीत, ही आठवण सर्वश्रुत आहे. प्रत्यक्षात सेवा दलाचा हा कार्यकर्ता अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत होता, आणि सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करताना डॉ. लागू यांच्यासह त्याने नाटकाचे प्रयोग केले. अवगुणी माणूस इतका अचूक साकारता आला, कारण त्या माणसाविरुद्ध ते अनेक वर्षे कलापथकातून बोलत आले होते; त्यांना तो शत्रू म्हणून जवळून ठाऊक होता.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक त्याच वर्षी प्रदर्शित झाला. त्यात फुले खलनायक नव्हते, आणि चित्रपटाचा विषय होता शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा.