भीमेकाठचे जू

भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. तरी आजच्या सोलापूर जिल्ह्यात घोड्याच्या वाट्याला आले ते खोगीर आणि लगाम, शेतीतील ओढीचा साज मात्र बैलाचाच राहिला. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरास पोहोचली आणि पुढे टांग्यांना घोडे जुंपले गेले, तरी नांगर, कुळव, तिफण यांच्याशी घोड्याचा संबंध आला नाही. जू, म्हणजे दोन बैलांच्या मानांवर येणारे आडवे लाकूड, वशिंडाच्या पुढे टेकते आणि वशिंडाच्या आधाराने ओढ घेते. घोड्याला हा आधार नसल्याने त्याच्या छातीवर वा खांद्याभोवती चामड्याचा साज बांधावा लागतो.

जुवाच्या टोकांशी बसवलेल्या खुंट्यांना शिवळा म्हणतात, आणि बैलाची मान जुवाखालून निसटू नये म्हणून शिवळांना जो पट्टा वा दोर अडकवतात, तो जोते किंवा सापती होय. जू नांगराच्या हळसाला, म्हणजे लांब दांड्याला, ज्या जागी आवळले जाते तेथे सारे कौशल्य असते: जोडीतला एक बैल उणा असेल, तर ही गाठ बळकट बैलाकडे चार बोटे सरकवतात, म्हणजे उण्या बैलाची बाजू लांब होऊन त्याच्यावरचा भार हलका होतो.

लाकूड सुताराचे, चामडे चांभाराचे आणि दोर मातंगाचे. अंबाडीचे किंवा केकताडाचे वाख, म्हणजे कुजवून सुटे केलेले धागे, पिळून मातंग कारागीर कासरा, दावे, म्होरकी आणि मोटेचा जाड नाडा वळत, व त्याबद्दल बलुते म्हणून धान्य घेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुत्याच्या या व्यवहाराचे तपशीलवार वर्णन आहे. तरीही सोलापुरी ज्वारीची थोरवी सांगताना काळी जमीन आणि खिलार बैल यांचीच नावे घेतली जातात, दोर वळणाऱ्या हातांचे नाव राहून जाते, आणि ही उणीव लहान नव्हे.

अक्कलकोटकडे ज्येष्ठी पौर्णिमेची कारहुणवी, सांगोल्याकडे आषाढातील बेंदूर आणि बार्शीकडे श्रावणी अमावास्येचा पोळा, असे बैलांचे सण एकाच जिल्ह्यात निरनिराळ्या तिथींना येतात. सणाच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते: जुवाने घट्टे पडलेल्या, कधी खांदेसुजीने दुखावलेल्या मानेला हळद आणि लोणी चोळतात, आणि सणाला नवी वेसण व नवी म्होरकी घालतात, त्या दिवशी मानेवर जू ठेवत नाहीत.