कलाक्षेत्राचे आचार्य

कलेच्या इतिहासात संस्था स्थापन करणाऱ्यांची नावे टिकतात. संस्थेत बसून शिकविणाऱ्यांची नावे मात्र पुष्कळदा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांबरोबरच लोपतात. इमारतीला नाव मिळते, सभागृहाला नाव मिळते. परंतु ज्याने पहाटेच्या वेळी लाकडी पट्टीवर दांडक्याचा ठेका धरून शेकडो वेळा तोच पदन्यास करून घेतला, त्याची आठवण कोणत्या कागदावर नोंदवायची? मद्रास म्हणजेच आजचे चेन्नई. तेथील 'कलाक्षेत्र' या संस्थेच्या आचार्यांविषयी बोलताना हा प्रश्न प्रथम मनात येतो. या कथेचा एक धागा थेट मराठी राजवटीपर्यंत जातो, म्हणून मराठी श्रोत्यांना तिच्याविषयी अधिक आपुलकी वाटावी.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे 1798 ते 1832 या काळात गादीवर होते. इंग्रजांनी राज्यकारभार हाती घेतल्यावर राजांपाशी अधिकार उरला तो किल्ल्यापुरता. परंतु विद्या आणि कला यांच्या क्षेत्रात त्यांची सत्ता कोणी हिरावून घेऊ शकले नाही. त्यांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चौघे बंधू वाढले. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे हे शिष्य. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना असा जो क्रम आपण पाहतो, त्याला व्यवस्थित रूप देण्याचे श्रेय परंपरा या चार भावांना देते. स्वतः सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. 'कोर्वैयाचे साहित्याचे जिन्नस' या नावाने ती सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आणि पुढे छापूनही निघाली. कावेरीच्या तीरी मराठी शब्दांवर दाक्षिणात्य पावले थिरकत होती, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नसते.

1855 मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले आणि कलावंतांचा आश्रय तुटला. देवळे आणि जमीनदार यांच्या आधाराने ही कला कशीबशी जगली. पुढे 1892 च्या सुमारास सुधारकांनी नाचाच्या बैठकींविरुद्ध चळवळ सुरू केली. देवदासींच्या प्रथेतील अन्याय खरा होता, आणि त्याविरुद्ध उठलेला आवाजही प्रामाणिक होता. परंतु प्रथेबरोबर कलाही बुडणार अशी वेळ आली. मद्रासचे वकील ई. कृष्ण अय्यर यांनी कलेची बाजू घेतली, तर डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांनी प्रथेच्या निर्मूलनाची. 1932 मध्ये या वादाने वृत्तपत्रांची पाने भरली. अखेर 1947 मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथा कायद्याने बंद झाली. त्या मधल्या पंधरा वर्षांत ही कला एका हातातून दुसऱ्या हातात गेली, आणि या स्थलांतराच्या केंद्रस्थानी रुक्मिणीदेवी अरुंडेल उभ्या होत्या.

1904 साली मदुरैस जन्मलेल्या रुक्मिणीदेवी ब्राह्मण कुटुंबातल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे इंग्रज कार्यकर्ते जॉर्ज अरुंडेल यांच्याशी 1920 मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हाच सनातनी मद्रास हादरले होते. पुढे त्यांची ओळख जगद्विख्यात रशियन नर्तकी अ‍ॅना पाव्हलोव्हा हिच्याशी झाली. पाव्हलोव्हाच्या मंडळीतील क्लिओ नॉर्दी हिच्याकडून रुक्मिणीदेवींनी पाश्चात्य बॅलेचे पाठ घेतले; पण आपल्या देशाच्या कलेकडे वळण्याचा सल्लाही त्यांना पाव्हलोव्हानेच दिला, असे सांगतात. एका परदेशी नर्तकीच्या बोटाने आपल्या अंगणातील दिव्याकडे लक्ष वेधले जावे, ही त्या काळच्या सुशिक्षित भारताची शोकांतिकाही होती आणि सुदैवही.

रुक्मिणीदेवींना गुरू लाभले ते पंदनल्लूरचे मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै. तंजावरच्या त्या चार बंधूंच्या वंशपरंपरेतले. 1935 च्या डिसेंबरात अड्यार येथे रुक्मिणीदेवींनी जाहीर नृत्य केले. घरंदाज समजल्या जाणाऱ्या कुटुंबातील स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवले, आणि टीकेबरोबरच कुतूहलाची लाट उसळली. लगेच 1936 च्या जानेवारीत अड्यारच्या वृक्षछायेत एक छोटी कलासंस्था सुरू झाली. तिलाच पुढे 'कलाक्षेत्र' हे नाव मिळाले.

खरी गोष्ट येथून सुरू होते. संस्था काढणे एक आणि शिक्षक मिळविणे दुसरे. रुक्मिणीदेवींची खरी प्रतिभा, माझ्या मते, या निवडीत दिसते. नृत्यासाठी मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै आणि त्यांचे जामात चोक्कलिंगम् पिळ्ळै. अभिनयासाठी मैलापूर गौरी अम्माळ, जिने मंदिराच्या सेवेत आपली कला जोपासली होती. संगीतासाठी पापनाशम् शिवन् आणि 'टायगर' या नावाने ओळखले जाणारे वरदाचारी. वीणेसाठी कारैकुडी सांबशिव अय्यर. कथकलीसाठी केरळातून अंबू पणिक्कर आणि नंतर चंदू पणिक्कर. ज्यांना दरबार उरला नव्हता अशा माणसांना येथे झाडाखाली का होईना, पण एक शाळा मिळाली.

परंतु हे जुळणे सरळ नव्हते. नृत्याच्या गुरूला तमिळ भाषेत नट्टुवनार म्हणतात. टाळ हाती घेऊन बोल म्हणत नर्तकीला चालविणारा हा पुरुष म्हणजे त्या कलेचा मालकच. घराण्याची विद्या तो जावयाला देईल, मुलाला देईल, परक्याला बेतानेच देईल. संस्थेला मात्र वेळापत्रक हवे, अभ्यासक्रम हवा, वर्षअखेर परीक्षा हवी. दोन्ही बाजूंचा मान राखणे कठीण होते. 1943 च्या सुमारास चोक्कलिंगम् पिळ्ळै संस्था सोडून गेले. त्यानंतर रुक्मिणीदेवींनी ठरविले की नट्टुवनाराची विद्या विद्यार्थ्यांनीच शिकावी. मुलींनी हाती टाळ घेतले. जे ज्ञान शतकानुशतके काही मोजक्या कुटुंबांत वाहत होते, ते अशा रीतीने वर्गाच्या खोलीत आले. कलेचे दार उघडले हे खरे. त्याच वेळी एका कुळाच्या हातातील चरितार्थ निसटला, हेही तितकेच खरे. इतिहासकाराने या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या पाहिजेत.

बॅलेचे संस्कार रुक्मिणीदेवींनी नृत्याच्या देहात नव्हे, तर रंगमंचाच्या मांडणीत उतरविले. वेषभूषा, प्रकाश, समूहाची रचना, पात्रांचा प्रवेश आणि निर्गम यांचा विचार त्यांनी एका सलग दृश्यकथेप्रमाणे केला. 1944 मध्ये 'कुट्राल कुरवंजी' हे पहिले नृत्यनाट्य झाले. रामायणावरील सहा नृत्यनाट्यांची मालिका 1955 ला 'सीता स्वयंवरम्' पासून सुरू होऊन 1970 मध्ये 'महापट्टाभिषेकम्' ने पूर्ण झाली. तिला संगीत देण्याचे काम म्हैसूरच्या वासुदेवाचार्यांनी वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर स्वीकारले. 1961 मध्ये ते निवर्तले, आणि उरलेले काम त्यांचे नातू एस्. राजाराम यांनी तडीस नेले. आजोबाने आरंभिलेले काव्य नातवाने संपविले. हेही घराणेच, पण शाळेच्या छपराखाली वाढलेले. चंदू पणिक्करांनी केरळातून आणलेल्या मुलांपैकी धनंजयन् पुढे मोठे नर्तक झाले. ओडिसी नृत्याची थोर कलावती संयुक्ता पाणिग्रही हिचेही काही शिक्षण येथेच झाले.

तंजावरच्या परंपरेतलीच टी. बालसरस्वती ही महान नर्तकी मात्र या नव्या वळणाशी सहमत नव्हती. शृंगार हा नृत्याचा प्राण आहे, तो सोवळ्यात बांधून ठेवू नये, असे तिचे म्हणणे होते. रुक्मिणीदेवींना कलेची प्रतिष्ठा परत मिळवायची होती. बालसरस्वतींना तिचा स्वभाव राखायचा होता. दोघींनीही आपापल्या ध्येयासाठी आयुष्य वेचले. या वादाचा निकाल लावण्याची घाई आपण का करावी?

1986 मध्ये रुक्मिणीदेवी निवर्तल्या. तोवर संस्था अड्यार सोडून तिरुवान्मियूर येथील विस्तीर्ण आवारात स्थिरावली होती. 1993 मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. सरकारी दर्जा मिळाल्याने मात्र गुरुशिष्यसंबंधाचे प्रश्न मिटत नाहीत. 2023 मध्ये गैरवर्तनाच्या तक्रारी घेऊन येथील विद्यार्थी आंदोलनाला बसले आणि एका अध्यापकाला अटकही झाली. गुरूचा अधिकार जितका मोठा, तितकी त्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी मोठी, हा धडा प्रत्येक कलाशाळेने घेण्याजोगा आहे.

आणि मराठी धागा? तो तुटला नाही. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजीराजांची मराठी निरूपणे ग्रंथातून उचलून पुन्हा रंगमंचावर आणली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावर बंधूंचे वंशज के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिक्षण घेतले आणि हा वारसा पुण्यात रुजविला. तंजावरच्या राजाने शब्द दिले, नट्टुवनारांनी पावले दिली, अड्यारच्या शाळेने कलेला नवा मान दिला, आणि मुंबई-पुण्याच्या कलावंतांनी ते शब्द घरी आणले. या प्रवासात ज्यांनी शिकविले त्यांच्यापैकी पुष्कळांचे पुतळे कोठे उभे नाहीत. परंतु चेन्नईत असो वा पुण्यात, एखादी मुलगी अर्धमंडलीत बसून पहिला ठेका देते, तेव्हा तिच्या टाचेखाली त्या सर्वांची मेहनत वाजत असते. ती ऐकू यावी एवढे कान आपण शाबूत ठेवले, तर त्या आचार्यांचे ऋण थोडेतरी फिटेल.