ब्रेकची धूळ कुठे जाते?

रोटर बारीक झालेत, पॅड संपत आलेत, दोन्ही बदलायला हवेत, असं मेकॅनिकने सांगितलं की तुमच्यापुढे एक लांबलचक यादी येते. रोटर साधे हवेत, भोकं पाडलेले हवेत की खाचा पाडलेले? पॅड ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिरॅमिक की थेट रेस ट्रॅकचे? गाडी रोजची असती तर तुम्ही "जे असतील ते लावा" म्हणून मोकळे झाला असता. पण ही हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार. मियाटा असेल, पोर्शे असेल, एखादी जुनी जॅग्वार असेल. इथे "जे असतील ते" म्हणवत नाही आणि सर्वांत महाग ते सर्वांत चांगलं, यावरही मन बसत नाही.

या यादीतला प्रत्येक पर्याय कधीतरी कुणाच्या तरी अडचणीवर उत्तर म्हणून निघाला आहे. ती अडचण कुठली होती हे कळलं की ती तुमची आहे का, हे तुम्हालाच ठरवता येतं. ब्रेकचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो दोन प्रश्नांभोवती फिरताना दिसतो. गाडी थांबते तेव्हा उष्णता कुठे जाते? आणि धूळ कुठे जाते? पहिला प्रश्न इंजिनिअरांनी सुरुवातीपासून विचारला. दुसरा विचारायला फार उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत कुणी मोजली, त्याचा एक धागा मुंबईत घाटकोपरपर्यंत येतो.

आधी उष्णता. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली तर साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्यात पावणेदोन लिटर गार पाणी उकळेल. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणजे ताशी २०० वरून थांबताना सात लिटर पाण्याचं आधण ठेवल्यासारखं आहे, तेही काही सेकंदांत. बोरघाट किंवा खंबाटकी उतरणाऱ्या ट्रकमागून तुम्ही कधी गेला असाल तर लायनर जळल्याचा तो उग्र वास तुमच्या ओळखीचा असेल. "घाट उतरताना गिअरमध्ये उतर, ब्रेकवर राहू नकोस" ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण याच उष्णतेमुळे आली.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी फार जुनी. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं. पण त्याचे पॅड तांब्याचे होते. ते भयंकर किंचाळायचे आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजायचे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक आणला. त्यात घासणारे भाग झाकलेले असत, आणि फिरणारा ड्रम आतल्या शूला स्वतःच आणखी घट्ट ओढून घेत असल्याने पायाला जोर कमी लागे. हायड्रॉलिक ब्रेक अजून यायचे होते. चारही चाकांना ते असलेली डुसेनबर्ग बाजारात आली १९२१ मध्ये. त्यामुळे पुढची पन्नास वर्षं ड्रमचं राज्य राहिलं.

ड्रमचा दोष उष्णतेतच होता. तापला की तो फुगतो, म्हणजे आतल्या शूपासून दूर जातो. पॅडल आणखी खाली दाबावं लागतं. त्यातच तापलेल्या लायनरची पकड कमी होते, आणि बंद डब्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. डिस्कचं उलट आहे. ती उघड्या वाऱ्यात फिरते आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. विमानांच्या ब्रेकवर काम केलेल्या डनलॉप कंपनीने जॅग्वारबरोबर हे तंत्र रेसिंगच्या गाडीत आणलं. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या रांसच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेकवाली जॅग्वार सी-टाइप पहिली आणली.

खरी परीक्षा झाली १९५३ च्या २४ तासांच्या ल मां शर्यतीत. तिथे जवळजवळ सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला काटकोनासारखं वळण. ताशी २०० च्या वर असलेल्या वेगातून दर फेरीला तिथे गाडी आवरावी लागे, दिवसरात्र. ड्रमवाले रात्र सरता सरता ब्रेक जपून वापरू लागत. जॅग्वारचे चालक मात्र वळणाच्या बरंच जवळ जाऊन ब्रेक दाबत आणि सकाळीही तेच करू शकत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले. त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेला. १९५५ च्या सित्रोएन डीएसमध्ये पुढच्या चाकांना डिस्क आल्या, १९५६ मध्ये ट्रायम्फ टीआर ३ मध्ये, आणि १९६५ मध्ये कॉर्व्हेटच्या चारही चाकांना.

आता तुमच्या यादीकडे या. व्हेंटिलेटेड रोटर म्हणजे दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये पात्यांच्या भिंती. रोटर फिरतो तेव्हा तो पंख्यासारखी मधली हवा बाहेर फेकतो. ही पाती वक्र असतील तर डावा रोटर आणि उजवा रोटर वेगळा असतो. बाजू ठरवताना बाहेरच्या खाचांची दिशा पाहू नका, आतल्या पात्यांचा कल पाहा. भोकं आली ती वेगळ्या कारणाने. जुन्या पॅडमधला राळेसारखा चिकट पदार्थ फार तापला की त्याचा वायू होई, आणि पॅड व रोटरमध्ये त्याचा पातळ थर साचून पकड सुटे. वायूला वाट मिळावी म्हणून भोकं पाडली. आजच्या पॅडमधून असा वायू फारच कमी निघतो. भोकांमुळे पावसात पहिली पकड लवकर येते, वजन थोडं घटतं आणि चाकाआड ती दिसतातही छान. पण ट्रॅकवर वारंवार तापवलं तर भोकांच्या कडांपासून तडे जातात. काही कंपन्या कारखान्यातूनच भोकांचे रोटर देतात. ते पूर्ण हिशेब करून बनवलेले असतात. स्वस्तातल्या साध्या रोटरला नंतर भोकं पाडून विकलेला माल ही वेगळी गोष्ट. महिन्यातून एखादा शनिवार ट्रॅकवर जात असाल तर खाचांचे किंवा साधेच, पण चांगल्या ओतकामाचे रोटर बरे. फक्त रस्त्यावरच चालवत असाल तर मूळ कंपनीच्या जाडीचे, मापाचे साधे व्हेंटिलेटेड रोटर पुरेसे आहेत.

पॅडचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस राहत असे. तिथले गाडीवान उतारावर गाडी आवरायला लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं ठोकतात, हे त्याने पाहिलं आणि १८९७ मध्ये त्याहून चांगलं काहीतरी बनवायला घेतलं. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावातलं 'ई' घातलं आणि 'फेरोडो' हे नाव तयार झालं. १९०८ च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉसचं लायनर आणलं. ॲस्बेस्टॉस जळत नाही, झिजतो हळू, विणता येतो आणि स्वस्त आहे. उष्णतेच्या प्रश्नाला याहून सोयीचं उत्तर मिळणं कठीण होतं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या गाड्या त्याच्यावर थांबल्या.

पण लायनर झिजतं म्हणजे ते कुठेतरी जातं. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये नेली केरशॉ ही कामगार बाई टर्नर ब्रदर्सच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत सूत काढायची. १९२४ मध्ये ती वारली तेव्हा तिचं वय ३३ होतं. डॉ. विल्यम कूक यांनी तिची फुप्फुसं तपासली, त्यात ॲस्बेस्टॉसचे कण सापडले आणि त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. कंपनीने जबाबदारी नाकारली. ब्रिटनने १९३१ मध्ये गिरण्यांतल्या धुळीवर नियम केले, पण ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडलं. मधल्या काळात टर्नर ब्रदर्सची टर्नर अँड न्यूअल झाली आणि १९२० च्या दशकात फेरोडोही तिच्या ताब्यात आली.

याच घराण्याची एक शाखा मुंबईत होती. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसची ब्रेक लायनिंग तयार होत. तुमच्या वडिलांच्या फियाटला, एसटीच्या बसला, घाटातल्या त्या ट्रकला लायनर लागत, ते अशाच कारखान्यांतून येत. तिथल्या काही माजी कामगारांना पुढे ॲस्बेस्टॉसिस झाल्याचं निदान झालं. हा आजार हळू चालतो. धूळ छातीत गेल्यावर वीस-तीस वर्षांनी दम लागू लागतो, तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो आणि खोकल्याचा संबंध जुन्या खात्याशी कुणी जोडत नाही. म्हणूनच १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरवला आणि प्रत्येकाच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत, ठेवायला सांगितलं. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी मात्र अजून आलेली नाही.

आपण बाहेर राहतो, आपला काय संबंध, असं म्हणू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये आणलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयाने बहुतांशी रद्द केली. ॲस्बेस्टॉसच्या सुट्या ब्रेक भागांवर तिथे पक्का नियम आला तो २०२४ मध्ये. तेव्हा तुमची हौसेची गाडी साठ-सत्तरच्या दशकातली असेल, मागे ड्रम असतील आणि आतलं लायनर कधीचं आहे हे ठाऊक नसेल, तर ते ॲस्बेस्टॉसचं आहे असंच धरून चाला. ड्रम उघडून फुंकर मारू नका, हवेचा पाइप लावू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. हे काम ओल्या पद्धतीने करणाऱ्या गॅरेजकडे द्या. मूल शेजारी उभं राहून बघत असेल तर हे अधिकच महत्त्वाचं.

ॲस्बेस्टॉस गेल्यावर त्याच्या जागी आले पोलादाचे तंतू, अरामिडचे धागे, सिरॅमिकचे तंतू आणि तांबं. लँचेस्टरचं तांबं शंभर वर्षांनी परत आलं, कारण ते उष्णता झटकन वाहून नेतं. मग धुळीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. रस्त्यावर पडलेली तांब्याची पूड पावसाबरोबर ओढ्यात जाते. वॉशिंग्टन राज्यात ती सामन माशांची वास घेण्याची शक्ती बिघडवते, आणि सामन तर वासावरूनच आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो. वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. पॅडमधलं तांबं २०२१ पासून ५ टक्क्यांच्या खाली आलं. कॅलिफोर्नियात २०२५ पासून ते अर्ध्या टक्क्याच्या खाली हवं. अमेरिकेत पॅडच्या खोक्यावर तीन पानांचं चिन्ह असतं. ती तिन्ही भरलेली असतील आणि 'एन' हे अक्षर असेल तर तांबं नावापुरतंच आहे. युरोपच्या युरो ७ नियमांत तर ब्रेकच्या धुळीलाच पहिल्यांदा मर्यादा घातली आहे. साध्या इंजिनाच्या गाडीला ती किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आहे.

म्हणून पॅड घेताना दोन्ही प्रश्न विचारा. रस्त्यासाठी तांबं नसलेले सिरॅमिक पॅड शांत असतात आणि चाकं कमी काळी करतात. घाटरस्ते आणि जोरात चालवणं असेल तर सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता जास्त सोसतात, पण धूळ आणि आवाज जास्त. ट्रॅकचे पॅड रोजच्या गाडीला लावू नका. ते तापल्यावरच धरतात. थंडीच्या सकाळी पहिल्याच सिग्नलला, समोर कुणी रस्ता ओलांडत असताना, त्यांची पकड हवी तेवढी येत नाही. अमेरिकन पॅडच्या कडेला छापलेल्या अक्षरांत पहिलं अक्षर थंड पकडीचं आणि दुसरं गरम पकडीचं असतं. 'ई'पेक्षा 'एफ' जास्त, 'एफ'पेक्षा 'जी'. पहिलं चांगलं आणि दुसरं उतरतं असेल तर तो पॅड घाटात दगा देईल. ब्रिटन-युरोपात असाल तर आर ९० ची मान्यता आहे का ते पाहा.

शेवटी तीन साध्या गोष्टी. रोटरवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली तो गेला असेल तर घासून घेऊ नका, बदला, आणि एका आसाचे दोन्ही एकदम बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण पाणी शोषलेल्याचा उत्कलनबिंदू १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून पॅडबरोबर तेही बदला. आणि नवे पॅड बसवल्यावर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे पॅड बसू द्या, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर वेग पुन्हा पुन्हा कमी करा, पूर्ण न थांबता, आणि मग गाडी गार होईपर्यंत चालवा. हे टाळलं की पॅडचा थर रोटरवर ठिगळासारखा बसतो, स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात रोटर वाकला.

पुढच्या वेळी चाक धुताना बोटाला काळी पूड लागेल. ती फडक्याने ओली पुसा.