फोर्ट विल्किन्स निरुपयोगी होता काय?

मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, कॉपर हार्बर गावाजवळ, लेक फॅनी हू या तळ्याकाठी १८४४ साली बांधलेले फोर्ट विल्किन्स हे लष्करी ठाणे आहे. १९२३ पासून तिथे राज्य उद्यान आहे. लोक तंबू ठोकतात, मासे धरतात, ओंडक्यांच्या बराकी पाहतात आणि एक मत घेऊन परततात: सरकारने हा खर्च उगाच केला. पूर्वपक्ष कच्चा नाही. इथले मूळ रहिवासी असलेल्या ओजिब्वे लोकांनी ठाण्यावर हल्ला केला नाही. मेक्सिकोशी युद्ध जुंपले तेव्हा, १८४६ मध्ये पलटण निघून गेली, तरी काही बिघडले नाही.

पण ठाणे हल्ला परतवण्यासाठीच होते, हे ठरवले कोणी? १८४२ च्या ला पॉइंट करारात ओजिब्वेंनी तांब्याची ही भूमी दिली, मात्र राष्ट्राध्यक्ष हलायला सांगेपर्यंत तिथे राहण्याचा व शिकारीचा हक्क राखून. लगेच तांब्यासाठी झुंबड उडाली. खाणींचे परवाने देणारी कचेरी कॉपर हार्बरच्या बंदरातल्याच पोर्टर बेटावर होती, आणि ती चालवत होते युद्धखाते! परवाना आणि बंदूक एकाच हातात. मेढेकोटातल्या दोन कंपन्यांचे काम लढण्यापेक्षा दिसण्याचे होते: ओजिब्वेंना, आणि गर्दी करून आलेल्या खाणवाल्यांनाही.

पलटण निघून गेल्याचा मुद्दा तर उलटाच पडतो. परवान्यांची पद्धत त्याच वर्षी थांबली आणि १८४७ च्या कायद्याने जमिनी थेट विक्रीला निघाल्या. ज्या व्यवस्थेवर पहारा होता, तीच उरली नाही. (१८६७ ते १८७० पुन्हा पलटण आली, तो मुक्काम गौण.)

'निरुपयोगी' हा शेरा एकवेळ सोडून देता येईल. त्याच्या आडून येणारा दुसरा निष्कर्ष मला अधिक खटकतो: रक्त सांडले नाही, म्हणजे इथला इतिहास निर्मळ. १८४२ च्या करारातली हलवण्याची ती अट १८५० मध्ये वापरली गेलीच. राष्ट्राध्यक्ष टेलर यांनी हलण्याचा हुकूम काढला. कराराची वार्षिक रक्कम ला पॉइंटऐवजी दूर मिनेसोटातल्या सँडी लेकला मिळेल असे सांगून माणसांना हिवाळ्याच्या तोंडावर तिथे बोलावले आणि खोळंबवले. रक्कम आलीच नाही, धान्य सडके. भूक, थंडी, रोगराईने सुमारे चारशे माणसे दगावली. ओजिब्वेंनी तरीही भूमी सोडली नाही. १८५४ च्या करारात त्यांना लान्स गावाजवळ राखीव जमीन मिळाली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. उद्यानाजवळ सुरू होणारा ४१ क्रमांकाचा महामार्ग दक्षिणेला त्याच वस्तीतून जातो.