सलग तीन गदा

आजचा भाग कुस्तीचा आहे, पण सुरुवात अंडरटेकरपासून करतो. माझी स्वतःची सुरुवात तिथूनच झाली, काय लपवायचं?

7 एप्रिल 2014, सोमवार. अमेरिकेत रविवारची रात्र, आपल्याकडं सकाळ. रेसलमेनियात 1991 पासून एकदाही न हरलेला, 21 लढती जिंकलेला अंडरटेकर ब्रॉक लेस्नरकडून हरला. मोडनिंबच्या आमच्या टोळक्यात त्या दिवशी अक्षरशः सुतक होतं. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, मिशीत हसले. "आरं, ज्याचा निकाल आधीच लिवल्याला असतोय, त्यो हरला काय न् जितला काय!"

राग आला, पण बोलता आलं नाही. कारण न लिहिलेली विजयमालिका मी ह्याच नानांच्या शेजारी बसून सुरू होताना बघितली होती. आणि गंमत म्हणजे, तिथं नानाच चुकले होते.

2011 ची महाराष्ट्र केसरी अकलूजला झाली. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. टेंभुर्णीवरून जीप भरून आम्ही गेलो. मी तेरा वर्षांचा. एवढी माणसं मी तोवर फक्त पंढरपुरात आषाढीला बघितली होती. फेटे, टोप्या, शिट्ट्या, आणि प्रत्येक डावावर मागून ओरडून सल्ला देणारा एक तरी म्हातारा. (तो म्हातारा बहुतेक वेळा नानाच.)

नरसिंग यादव गादीवर आला तेव्हा नाना गप्प बसले. मग म्हणाले, "ह्यो यूपीचा. आपली गदा त्याच्या घरात कशाला?"

आजूबाजूलाही कुजबुज होतीच, नाही असं सांगणार नाही. नरसिंगचं कुटुंब मूळ वाराणसीकडचं, पण तो वाढला मुंबईत. वडील जोगेश्वरीत दुधाचा धंदा करायचे. कुस्ती शिकला कांदिवलीच्या साई केंद्रात, जगमाल सिंग यांच्याकडं. आदल्याच वर्षी, 2010 ला, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 74 किलो गटात त्यानं सोनं मिळवलं होतं. अकलूजला तो जिंकला. नानांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या, पण हळूच.

पुढच्या वर्षी गोंदिया. परत तोच. 2013 ला भोसरी, आणि परत तोच!

आता ह्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. तर बघा. महाराष्ट्र केसरी सुरू झाली 1961 ला, पहिले मानकरी दिनकर दह्यारी. त्यानंतर गणपतराव खेडकर, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, आणि अलीकडं 2007-08 चे चंद्रहार पाटील, ह्या सगळ्यांनी लागोपाठ दोन गदा घेतल्या. नावं वाचली तरी छाती दडपते. पण तिसरी कुणालाच लागोपाठ मिळाली नव्हती. पन्नास वर्षं!

अंडरटेकर वर्षातून एक लढत खेळायचा. इथं गेल्या वर्षीचा केसरी असला म्हणून कुणी थेट फायनलला बसवत नाही. परत पहिल्या फेरीपासून यायचं. आणि वर्षभर महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालमीत तुझाच डाव कसा मोडायचा, ह्याचीच तयारी चाललेली असते.

भोसरीची गदा नाना घरी टीव्हीवर बघत होते. म्हणाले, "गडी पक्का हाय." बास, एवढंच.

2015 ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत नरसिंगनं कांस्य घेतलं आणि भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. सुशीलकुमार चाचणीसाठी कोर्टात गेला, दिल्ली उच्च न्यायालयानं जून 2016 मध्ये याचिका फेटाळली. मग उत्तेजक चाचणीत नरसिंग दोषी निघाला. खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. 1 ऑगस्टला नाडानं त्याला मोकळं केलं. पण 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादानं तो निर्णय फिरवला. चार वर्षं बंदी.

खरं काय, हे मोडनिंबच्या पारावर ठरणार नव्हतं. तरी तिथं आठवडाभर भांडणं झाली. एकजण म्हणाला, "जाऊ द्या, यूपीचाच होता." नाना ताडकन उठले. "यूपीचा कसला? अकलूजला गदा उचलताना तू होतास का? आपला गडी हाय त्यो!"

मी तोंडाकडं बघतच राहिलो. त्यांना अकलूजची जीप आठवत होती की नाही, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात वारज्याला चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीनं अभिजीत कटकेला हरवून 2014, 2015 आणि 2016 अशी लागोपाठ तिसरी गदा घेतली. म्हणजे सहा वर्षं ती गदा दोनच माणसांच्या खांद्यावर होती. मी मोबाईलवर बघत होतो, नाना माझ्या खांद्यावरून वाकून.

"तीन झाल्या," मी म्हणालो.

"हां," नाना म्हणाले, "नरसिंगएवढ्या."