असील: झुंजीच्या रिंगणातून ब्रॉयलरच्या शेडपर्यंत

छत्तीसगड, ओडिशा आणि आंध्र प्रदेशातील खेड्यांत असील कोंबडा आजही अंगणातून ताठ मानेने फिरताना दिसतो. रुंद छाती, उंच मान आणि जाड, मजबूत पाय ही त्याची ओळख. ‘असील’ हा शब्द अरबीतून आला; मराठीतला ‘अस्सल’ हा त्याचाच सगोत्र. पिढ्यानपिढ्या झुंजीसाठी जोपासलेली ही जात सावकाश वाढते आणि तिची कोंबडी अंडीही मोजकीच देते. तरीही जगभरच्या ब्रॉयलर कोंबडीच्या भरदार छातीमागे या जातीचा वारसा आहे.

एकोणिसाव्या शतकात असील इंग्लंडला पोहोचला. कॉर्नवॉलमध्ये त्याचा तिथल्या झुंजी कोंबड्यांशी संकर झाला. या प्रयोगाचे श्रेय परंपरेने सर वॉल्टर गिल्बर्ट या, हिंदुस्थानात सेवा केलेल्या, लष्करी अधिकाऱ्याला दिले जाते. नवी जात झुंजीत फारशी चमकली नाही. पण तिच्या छातीवर मांस भरपूर होते. तिचे नाव पडले ‘इंडियन गेम’. पुढे अमेरिकेत ती ‘कॉर्निश’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि नावातला हिंदुस्थान पुसला गेला.

1948 साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या स्पर्धेची राष्ट्रीय अंतिम फेरी झाली. तोवर मांसासाठी वेगळी कोंबडी पैदास करण्याची रीत रुळलेली नव्हती. अंडी देणाऱ्या कळपातले जादा नर खाल्ले जात. स्पर्धा जिंकली चार्ल्स व्हँट्रेस यांच्या कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराने. तेव्हापासून ब्रॉयलरच्या पितृवंशात कॉर्निश पक्का बसला.

त्यानंतरच्या निवडीचा वेग थक्क करणारा आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957 आणि 1978 सालचे जतन केलेले वंश 2005 सालच्या ब्रॉयलरबरोबर एकाच खाद्यावर वाढवले. 56 दिवसांनी त्यांची सरासरी वजने भरली अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. खाद्य तेच असल्यामुळे हा साडेचार पटींहून मोठा फरक आनुवंशिकतेचा होता.

भारतात आधुनिक ब्रॉयलरचा उद्योग उभा राहिला तो मुख्यतः 1970 नंतर. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये वेंकटेश्वर हॅचरीज स्थापन केली. पुढे अमेरिकेच्या कॉब कंपनीच्या सहकार्याने ‘वेंकॉब’ ब्रॉयलर देशभर पसरला. असीलचा दूरचा वंशज अशा रीतीने मायदेशी परतला, पण आता त्याच्या वंशावळीला मालक होता.

ही मालकी टिकते ती जनुकशास्त्राच्या बळावर. बाजारातला ब्रॉयलर हा सहसा चार शुद्ध वंशांचा संकर असतो. एखाद्या लहान शेतकऱ्याने आपल्या शेडमधले दोन ब्रॉयलर राखून त्यांची पैदास करायची ठरवली, तर पुढच्या पिढीत जनुकांची नव्याने वाटणी होते. पिल्ले लहान-मोठी निघतात, लॉटचा एकसारखेपणा मोडतो आणि संकराचा जोम ओसरतो. शिवाय ब्रॉयलरच्या जन्मदात्या कळपाला खाद्य मोजून द्यावे लागते. पोटभर खाऊ दिले, तर ते लठ्ठ होतात आणि प्रजननक्षमता घटते. म्हणून प्रत्येक लॉटसाठी एकदिवसीय पिल्ले नव्याने आणावी लागतात. करार पद्धतीत शेड आणि श्रम शेतकऱ्याचे असतात. पिल्ले आणि खाद्य कंपनीचे. संकरित बियाण्याच्या शेतकऱ्याला ही गोष्ट अनोळखी वाटणार नाही.

सार्वजनिक संशोधनाने दुसरी वाटही चाचपली आहे. 1979 साली स्थापन झालेल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील आणि ‘कॅरी रेड’ यांच्या संकरातून परसातल्या पालनासाठी ‘निर्भीक’ तयार केला. पण तोही संकरच; त्याचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ‘वनश्री’ मात्र असीलच्या शुद्ध वंशातून निवड करून घडवलेली आहे. शुद्ध वंशाची पिल्ले आई-बापांसारखीच निपजतात, म्हणून त्यांची पैदास शेतकऱ्याला स्वतःच्या अंगणात करता येते.

सहा आठवड्यांत दोन किलोंच्या आसपास पोहोचणाऱ्या ब्रॉयलरशी असील वजनात बरोबरी करू शकत नाही, आणि स्वस्त प्रथिने लाखो ताटांत पोहोचवण्याचे ब्रॉयलरचे श्रेयही नाकारता येणार नाही. प्रश्न वेगळा आहे. ब्रॉयलर घडला, तेव्हा त्याचा कच्चा माल कुणीतरी अंगणात जपून ठेवलेला होता. उद्या वाढत्या उष्म्यात किंवा नव्या रोगात टिकणारा पक्षी घडवायचा झाल्यास तशाच विविधतेकडे परत जावे लागेल. ती विविधता शीतपेटीतल्या नमुन्यांत काही प्रमाणात राखता येते. पण ऊन, रोग आणि शिकारी यांच्याशी रोज झगडत ती जिवंत राहते ती अंगणातच. असील सांभाळणारे हात हे म्हणूनच या विज्ञानाचे भागीदार आहेत, आणि पैदाशीचे धोरण आखताना त्यांचा वाटा मोजला गेला पाहिजे.