तो कागद फाइलीतच होता

३० एप्रिल २००९. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या एका दालनात तुम्ही अगदी मागे, भिंतीला टेकून उभे आहात. पुढे काळ्या कोटांची दाटी आहे. न्या. अरिजित पसायत आणि न्या. मुकुंदकम शर्मा यांचं पीठ नाशिकच्या एका हत्याकांडाच्या खटल्याचा निकाल देतं. सहाही आरोपींची अपिलं फेटाळली जातात. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांतल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. त्याविरुद्ध महाराष्ट्र सरकार अपिलात आलं होतं, ते मंजूर होतं. आता सहाही जणांना फाशी.

कुणालाच नवल वाटलेलं नाही. गुन्हा इतका भयंकर आहे की यापेक्षा वेगळं काही होईल असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. तुमच्या पोटात मात्र गोळा आला आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, हेच न्यायालय या सहाही जणांना निर्दोष सोडणार आहे. या दालनात हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. ओरडून सांगावं, तर तुमचं कोण ऐकणार? सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि आता सर्वोच्च न्यायालय, तिघांचंही एकच मत पडलं आहे: हेच ते गुन्हेगार. आणि ज्या कागदाच्या आधारावर हे सगळं पुढे कोसळणार आहे, तो कुठे दडवलेला नाही. याच खटल्याच्या फाइलीत आहे.

तो कागद तयार झाला त्या दिवसाकडे चला.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळच्या एका पेरूच्या बागेत एक झोपडी आहे. जेवणं उरकून घरची माणसं गप्पा मारत बसली आहेत. तुम्ही बागेच्या बांधावरच थांबा. आत काय झालं ते मी तुम्हाला दाखवणार नाही, मोजक्या शब्दांत सांगतो. सातआठ अनोळखी माणसं शिरली. पैसे घेतले, दागिने घेतले. सामूहिक बलात्कार झाला. पाच जणांचे जीव गेले. आई आणि तिचा एक मुलगा तेवढे वाचले. या गुन्ह्याचा संताप ज्याला येणार नाही तो माणूसच नव्हे. पुढचं सगळं वाचताना हा संताप बाजूला ठेवू नका, तो जवळच असू द्या.

आता ७ जून. कालचा एकच दिवस मध्ये गेला आहे. पोलिसांनी त्या आईसमोर रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो ठेवले आहेत. जरा जवळ जा. जिनं दोन रात्रींपूर्वी आपलं घर डोळ्यांदेखत संपताना पाहिलं, ती बाई एकेक चेहरा निरखते आहे. या क्षणी तिच्याइतकी खात्रीची साक्षीदार जगात दुसरी नाही. आठवण ताजी आहे, कुणी काही पढवलेलं नाही. ती चार फोटोंवर थांबते. हे चौघे, ती सांगते. तिचा जबाब नोंदवला जातो. चौघांची ओळख कागदावर येते.

ज्या सहा जणांना पुढे फाशी सुनावली जाणार आहे, त्यांच्यातला एकही या चौघांत नाही.

इथे थोडा वेळ उभे राहा, कारण पुढे सोळा वर्षं इथे कुणी थांबत नाही. या चौघांना अटक होत नाही, त्यांच्यावर खटला भरला जात नाही. बाईनं ज्यांना ओळखलं त्यांना का सोडलं, याचं उत्तर सरकार पक्ष कोणत्याच न्यायालयात देत नाही. त्यांच्या जागी पकडले जातात ते सहा गरीब मजूर, भटक्या जमातीतले. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलं असेल त्यांना भटक्यांची पालं आणि पोलीस यांचं नातं निराळं सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला. तपास अडला की पालांकडे वळणारी नजर काही गेली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण सहज म्हणून जातो. नाशिकच्या या खटल्यात ते अक्षरशः होत होतं.

पुढच्या तारखा भराभर उलटू. १२ जून २००६, सत्र न्यायालय: सहाही जणांना फाशी. २२ मार्च २००७, मुंबई उच्च न्यायालय: तिघांना फाशी, तिघांना जन्मठेप. वाचलेल्या मायलेकांच्या साक्षींवर सगळी भिस्त, आणि त्याच आईचा पहिला जबाब मात्र बाजूला. मग तुम्ही पाहिलेला २००९ चा तो दिवस.

त्या निकालानंतर लगेच परत फिरू नका, आणखी तेरा दिवस दिल्लीतच काढा. १३ मे २००९ ला सर्वोच्च न्यायालयाचंच दुसरं पीठ महाराष्ट्रातल्याच एका वेगळ्या खटल्यात निकाल देतं. १९८० च्या बच्चनसिंग निकालानं नियम घालून दिला होता की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यावी आणि ती देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा. १९९५ मध्ये राजस्थानच्या रावजी खटल्यात न्यायालयानं फक्त गुन्हा पाहिला. तो निकाल चुकीचा होता, असं १३ मे ला हे पीठ मान्य करतं. पण तेरा दिवसांपूर्वी सहा जणांना फाशी देताना रावजी निकालाचाच आधार घेतलेला आहे! आणि खुद्द रावजीला १९९६ मध्येच फासावर चढवलं गेलं होतं. चूक कबूल झाली तेव्हा त्याला जाऊन तेरा वर्षं झाली होती. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून अशा चुकीच्या आधारावर उभ्या असलेल्या फाशींकडे लक्ष वेधलं. त्यांत नाशिकचं हे प्रकरण होतं.

तोवर तुरुंगात काय चाललं आहे तेही पाहा. सहांपैकी एक जण गुन्हा घडला तेव्हा सतरा वर्षांचा होता. अठरा वर्षांखालच्या मुलाला आपल्या कायद्यानं फाशी देताच येत नाही. तरी तो फाशीचा कैदी म्हणून वर्षानुवर्षं एकांत कोठडीत आहे. बोलायला माणूस नाही. भेटीला फक्त आईला परवानगी, तीही क्वचित. बाकी नातलगांना नाही. त्याच्या मनावर याचा काय परिणाम झाला, याची दखल पुढे न्यायालयाला निकालपत्रात घ्यावी लागली. दारावर वाजणारं प्रत्येक पाऊल आपल्यालाच न्यायला आलं आहे का, असं वाटत जगणं म्हणजे काय, हे तुम्ही आम्ही ओळखू शकत नाही. निदान ओळखतो असं म्हणू नये.

पुढे जाण्याआधी मागे एक थांबा घ्या: ३ जून १९४९, संविधान सभा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे आहेत. फाशीच्या शिक्षेवर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क असावा की नाही, यावर चर्चा रंगली आहे. बाबासाहेब म्हणतात की, त्यापेक्षा फाशीच रद्द करण्याला माझा पाठिंबा राहील. सभागृह पुढच्या मुद्द्याकडे वळतं. देशानं तेव्हा ते ऐकलं असतं तर, असं वाटत राहतं.

आता पुन्हा नाशिकच्या खटल्याकडे. सप्टेंबर २०१४ मध्ये एक बंद दार किलकिलं होतं. तोवर फेरविचार याचिका न्यायाधीशांच्या कक्षात, वकिलांचा युक्तिवाद न ऐकता, कागदांवरच निकाली निघत. फाशीच्या प्रकरणात तरी ती खुल्या न्यायालयात ऐकलीच पाहिजे, असा निकाल घटनापीठानं दिला. त्यामुळे नाशिकचं प्रकरण पुन्हा उघडलं. ३१ ऑक्टोबर २०१८ ला २००९ चा निकाल मागे घेतला गेला. पुढे न्या. ए. के. सिक्री, न्या. एस. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि ७ जूनच्या जबाबाशी येऊन थांबले. सहाही निर्दोष. राज्य सरकारनं प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यावी. आईनं ओळखलेल्या त्या चौघांबाबत पुढचा तपास करावा. कसूर करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी.

नवा साक्षीदार कुणी आला नाही. खऱ्या खुन्यानं कबुली दिली नाही. जुनाच कागद कुणीतरी नीट वाचला. तो वाचला जाईपर्यंत ही माणसं जिवंत होती, ती केवळ फाशी लांबली म्हणून. फाशीला इतकी वर्षं कशाला, चौकात लटकवा, असं आपण गुन्ह्याची बातमी ऐकताक्षणी म्हणतो. २०१० मध्ये तसं झालं असतं तर २०१९ चा निकाल सहा थडग्यांसमोर वाचावा लागला असता.

यावर विचारलं जाईल, एका खटल्यापायी फाशीचा कायदाच मोडीत काढायचा का? माझं उत्तर होय आहे. जन्मठेप चुकली तर उरलेली वर्षं तरी परत करता येतात. इथे देशातलं सर्वांत वरचं न्यायालय चुकलं. त्याच्या वर दाद मागायला दुसरं न्यायालय नाही. त्या न्यायाधीशांना दुष्ट ठरवायचं मला कारण नाही. सज्जन, विद्वान माणसांकडूनही हे घडतं, म्हणूनच ही शिक्षा कुणाच्याच हाती असू नये.

आणि त्या आईचं काय? तिनं दोनच दिवसांनी चार चेहरे दाखवले होते. सोळा वर्षांनी न्यायालय पोलिसांना म्हणालं, आता त्यांचा तपास करा. सहा जणांना फाशी सुनावून तिला न्याय मिळाला असं आपण सगळ्यांनी मानलं, आणि त्या समाधानातच तिचे गुन्हेगार शोधायचं राहून गेलं. तिच्यावरचा हा दुसरा अन्याय मला पहिल्याइतकाच जड वाटतो.

तुमच्या गावात, तालुक्यात असा एखादा गुन्हा घडला की मोर्चा निघेल. त्यात जरूर सामील व्हा. निवेदन लिहिताना मात्र ‘फाशी द्या’ या ओळीच्या जागी एवढंच लिहा: वाचलेल्या माणसानं पहिल्या जबाबात कुणाची ओळख सांगितली होती, आणि त्यांचा तपास झाला का, हे आम्हाला लेखी कळवा.